पीएचसीत बसणाऱ्या समुपदेशक ताईंचा पगार सीएसआर संपल्यावर कुठल्या हेडमधून काढायचा?

कापूसवाट (विदर्भ)

नमस्कार मंडळी. प्रश्न पैशाचा आहे पण थोडं मागचं सांगावं लागेल, लांब झालं तर समजून घ्या.

आमची छोटी संस्था आहे. दोन पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रांत) आम्ही मानसिक आरोग्याच्या समुपदेशक बसवल्यात, दोघी तालुक्यातल्याच, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या. सकाळी ओपीडीच्या वेळेत डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत बसतात, दुपारी उपकेंद्रांवर आणि गरज पडली तर घरी जातात. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ञ येतात, ते नवीन आणि अडलेले पेशंट बघतात, लागलं तर औषध सुरू करतात, मग पुढचा सगळा फॉलोअप ताईंकडे. कोण येतं विचाराल तर कायम डोकं दुखणारी बाई, गोळ्या घेऊनही बीपी खाली न येणारा माणूस, बाळंतपणानंतर बोलेनाशी झालेली पोरगी, दारू सोडायचीय पण आठवडाभर टिकत नाही असा कोणी. यातले बहुतेक जण जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीला कधीच गेले नसते, एक तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, आणि तिथं कोणी ओळखीचं भेटलं तर काय ही धास्ती वेगळीच. पीएचसीत मात्र सगळेच केसपेपर काढून बाकावर बसलेले असतात, कोण कशासाठी आलंय ते कोणाला कळत नाही.

हे सगळं एका कंपनीच्या सीएसआरवर (सामाजिक कामासाठी ठेवलेल्या पैशावर) चाललंय आणि तो प्रोजेक्ट ३१ मार्चला संपतोय. कंपनीचं म्हणणं, काम चांगलंय पण पुढची तीन वर्षं आमचा विषय पाणी आहे. सरकारी बाजूला विचारलं तर मानसिक आरोग्य कार्यक्रमात तालुक्याखाली पदच मंजूर नाही असं कळलं, आणि रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून पगार काढता येत नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं.

तर नेमकं विचारायचंय ते हे. अशा समुपदेशकाचा पगार कायमचा कुठल्या हेडमध्ये, म्हणजे सरकारी खर्चाच्या कुठल्या सदरात बसतो? कोणी पीआयपीत (राज्य केंद्राला पाठवतं त्या आरोग्य खर्चाच्या आराखड्यात) घालून घेतलंय का? कुठले आकडे दाखवले की वरची माणसं ऐकतात? पेशंटकडून फी घेणं आम्हाला मान्य नाही हे आधीच सांगते, दहा रुपये ठेवले तरी ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच यायचे बंद होतील.


सातपुडा एमओ

ताई, मी आदिवासी भागातल्या पीएचसीत मेडिकल ऑफिसर आहे. हेडचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं देणारी माणसं इथं आहेत, मी ओपीडीच्या टेबलावरून दिसतं ते सांगतो.

कागदावर मानसिक आरोग्य पीएचसीत कधीच आलंय. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांची जी वाढीव सेवांची यादी आहे (आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर) त्यात मानसिक आजार, मेंदूचे आजार आणि व्यसन हे सगळं आहे. आशा ताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली) भरतात त्यात पीएचक्यूचे (नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीचे) दोन प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही असं झालं का आणि उदास, निराश वाटलं का. तिथं मार्क जास्त आले की सीएचओने (उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने) नऊ प्रश्नांचा पीएचक्यू घ्यायचा आणि मग माझ्याकडे पाठवायचं. कायदाही आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ मध्ये प्राथमिक पातळीपासून वरपर्यंत सगळ्या सर्वसाधारण आरोग्यसेवेत ही सेवा मिसळायची असं सरकारवर बंधन आहे.

मग अडतं कुठं? माझ्यापुढे पेशंट आला की मला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात मी झोपेबद्दल विचारू शकतो, गोळी लिहू शकतो, पण ती गोळी तीन आठवडे घेतल्याशिवाय फरक पडणार नाही, मध्ये मळमळ होईल, म्हणून सोडू नको, घरच्यांना काय सांगायचं, हे सगळं समजावायला आणि पंधरा दिवसांनी तो आला नाही तर त्याला शोधून काढायला माझ्याकडे माणूस नाही. शिबिराला पैसे आहेत, ट्रेनिंगला आहेत, पोस्टरला आहेत, औषधालाही थोडेफार आहेत. जो बसून ऐकतो आणि परत बोलावतो त्याच्या वेळेला पैसे नाहीत. तुमच्या दोन ताई नेमकी तीच जागा भरताहेत, त्यामुळे मागणी करताना "जनजागृती" हा शब्द प्रस्तावात शक्य तितका कमी वापरा. तो वाचला की लगेच तुम्हाला आयईसीच्या (प्रचार-प्रसिद्धीच्या) हेडमध्ये टाकतात आणि मग वर्षाला दोन मेळावे आणि एक बॅनर एवढंच हातात येतं.


गटप्रवर्तक_वर्धा

एमओ साहेबांचं बरोबर आहे, पण एक गोष्ट मी स्पष्ट बोलते. कृपा करून हे काम आशांवर फुकटात टाकू नका.

सीबॅक फॉर्मचे आशाला दहा रुपये मिळतात. दहा रुपयात ती घरी जाते, बीपी-शुगर-कॅन्सर सगळ्याचे प्रश्न विचारते, आणि त्यातच ते मनाचे दोन प्रश्न. आता सांगा, सासू समोर बसलेली असताना सून "हो, निराश वाटते" म्हणणार आहे का जी? त्यासाठी दुसऱ्यांदा जावं लागते, ती एकटी सापडेल अशा वेळी जावं लागते. त्या दुसऱ्या खेपेचे पैसे कोणी देऊन राहिले का? नाही. म्हणून फॉर्ममध्ये सगळीकडे शून्य शून्य दिसते आणि वरचे म्हणतात आमच्या तालुक्यात डिप्रेशन नाहीच.

शेतकरी आत्महत्या रोखायच्या प्रेरणा प्रकल्पाच्या वेळी आमच्याकडे शेतकऱ्यांच्या घरोघरी सर्व्हे झाला होता. २०१५ पासूनची गोष्ट, विदर्भ-मराठवाड्यातले चौदा जिल्हे होते. त्यातून एक चांगलं झालं, आशांना घरात कोणाला काय विचारायचं ते समजलं, आणि गावातही हा विषय बोलायचा असतो हे लोकांना कळलं. पण विचारल्यावर पुढं कोणाकडे पाठवायचं हे जवळ नसेल तर आशाच अडचणीत येते. बाई रडून मोकळी होते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, ताई काही सोय झाली का. म्हणून तुमच्या समुपदेशक पीएचसीत आहेत हे आमच्यासाठी लई मोठं आहे, जागा असेल तर आशा पेशंट आणते. प्रस्तावात आशासाठी पेशंट घेऊन येण्याचा आणि फॉलोअपच्या भेटीचा वेगळा मोबदला लिहा, रक्कम छोटी असली तरी चालेल पण लिहा.


हिशोबनीस_लातूर

मी एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) हिशोबाच्या बाजूला बरीच वर्षं काढलीत, आता निवृत्त आहे. ताई तुमचा प्रश्न सरळ आहे त्यामुळे सरळच सांगतो.

आधी पैसा येतो कसा ते बघा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ ला सुरू झाला, कर्नाटकातल्या बेल्लारीत निम्हान्सने (बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने) जो प्रयोग केला होता त्याच्यावर बेतलेला, आज देशातल्या ७६७ जिल्ह्यांना मंजूर आहे. १२ व्या पंचवार्षिक योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एका जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाखांपर्यंत अशी तरतूद होती. हा पैसा एनएचएममधून, असंसर्गजन्य आजारांच्या पूलमधून येतो, आपल्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४०. पण ८३.२ ही मर्यादा आहे, हातात तेवढे पडतात असं नाही, पीआयपीत जेवढं मागितलं आणि आरओपीत (केंद्राच्या मंजुरीच्या कागदात) जेवढं मंजूर झालं तेवढंच. आणि टीम म्हणजे मानसोपचारतज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स वगैरे सगळे जिल्ह्याच्या ठिकाणी. ते महिन्यातून ठरल्या दिवशी तालुक्याला येतात. म्हणजे कार्यक्रम जिल्ह्याचा आहे आणि तुमचा पेशंट उपकेंद्राचा आहे, मधल्या जागेला पदच नाही.

आता आकडा मांडून बघू. समजा समुपदेशकाला महिन्याला २० हजार धरले, वर्षाचे २ लाख ४० हजार. साध्या भागातली पीएचसी ३० हजार लोकसंख्येला असते (डोंगरी-आदिवासी भागात २० हजार). भागाकार केला तर माणशी वर्षाला ८ रुपये. आदिवासी भाग असेल तर १२. प्रत्येक पीएचसीला एक मागितलात तर कोणी देणार नाही, पण तालुक्याला एक मागा. यवतमाळसारखा १६ तालुक्यांचा जिल्हा धरला तर १६ समुपदेशकांचे ३८ लाख ४० हजार होतात. ८३.२ च्या मर्यादेत हे निम्म्यापेक्षा कमी आहे, म्हणजे नवीन योजना काढायची गरज नाही, आहे त्याच कार्यक्रमाच्या आत बसतं. हे वाक्य प्रस्तावाच्या पहिल्या पानावर पाहिजे.

दुसरं. पीआयपी आता दोन वर्षांची असते. चुकली की दोन वर्षं गेली असं नाही, मध्ये पुरवणी मागता येते, पण पुरवणीत नवीन पद मंजूर होणं अवघड. मनुष्यबळाची छाननी वेगळी होते आणि सगळ्यात कडक होते, कारण एकदा पद दिलं की दरवर्षी द्यावं लागतं. म्हणून प्रस्ताव तालुक्यापासून वर गेला पाहिजे. तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा, मग राज्य, मग दिल्लीत चर्चा. संस्थेने थेट मुंबईला पत्र दिलं तर ते फिरून परत जिल्ह्यालाच अभिप्रायाला येतं.

बाकीचे जे पैसे दिसतात त्यात पगार शोधू नका. रुग्ण कल्याण समिती, अनटाइड (ठराविक कामाला न बांधलेला निधी), ग्राम आरोग्य समितीचे वर्षाचे दहा हजार, यातून खोलीला पार्टिशन, दोन खुर्च्या, कपाट, रजिस्टर, मोबाइल रिचार्ज हे निघतं, आणि ते काढूनच घ्या, पार्टिशन नसेल तर समुपदेशन होत नाही. १५ व्या वित्त आयोगाने आरोग्यासाठी स्थानिक संस्थांना २०२१ ते २६ मध्ये ७०,०५१ कोटी ठेवले होते, मोठा आकडा आहे, पण ते उपकेंद्रांच्या इमारती, तपासण्या, तालुका पातळीची युनिटं, शहरी केंद्रं यासाठी. मानसिक आरोग्याची वेगळी ओळ त्यात नव्हती. आणि महात्मा फुले किंवा आयुष्मान कार्ड हे भरती झालेल्या पेशंटसाठी, ओपीडीत बसून बोलण्याचे पैसे त्यातून मिळत नाहीत.

एप्रिलची जी पोकळी आहे ना, ती जिल्हा नियोजनच्या नावीन्यपूर्ण योजनेतून भरायचा प्रयत्न करा. पालकमंत्री अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. तो पैसा एकदाचा असतो, कायमचा नाही, हे डोक्यात ठेवून मागा, म्हणजे पीआयपी येईपर्यंत पूल म्हणून.


मांडवीकाठ (पणजी)

हिशोबनीस सरांनी तालुक्याला एक सांगितलं ते मला पटतं पण पीएचसीचा मुद्दा सोडू नका, त्याला आपल्याकडचाच आधार आहे.

गोव्यात संगाथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रं आणि खाजगी डॉक्टर मिळून २४ ठिकाणी मानस नावाचा अभ्यास केला होता, विक्रम पटेल आणि त्यांची टीम, निकाल २०१० ला लॅन्सेटमध्ये आला. समुपदेशक म्हणजे कोणी सायकॉलॉजिस्ट नव्हत्या, गोव्यातल्याच पदवीधर मुली, आरोग्याचं आधीचं काही शिक्षण नाही, दोन महिन्यांचं ट्रेनिंग. वर मानसोपचारतज्ञ देखरेखीला. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के, आणि जिथे ही सोय नव्हती तिथे ४२.५. खाजगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. नंतर खर्चाचा अभ्यास झाला त्यातही सरकारी केंद्रांत ही पद्धत स्वस्तच पडते असं निघालं, कारण माणूस लवकर कामावर जातो आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की पैसा कुठे घातला की फळतो ते यातून दिसतं, सरकारी पीएचसीत. तोच पैसा खाजगी दवाखान्यांना वाटला असता तर उपयोग झाला असता असं या अभ्यासातून तरी म्हणता येत नाही. कोणी तुम्हाला पीपीपी (सरकारी-खाजगी भागीदारी) करा म्हणालं तर हे समोर ठेवा.

तुमच्या विदर्भातलंही उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, टाटा ट्रस्टच्या पैशावर, गावातल्या कार्यकर्त्यांपासून समुपदेशक आणि वर मानसोपचारतज्ञ अशी साखळी. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते, नंतर २७.२ टक्के. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेला वेगळी गावं नव्हती, आधी आणि नंतर असा सर्व्हे होता, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही, पण कापसाच्या पट्ट्यातलं आहे म्हणून तुमच्या अधिकाऱ्यांना जवळचं वाटेल.

मात्र बघा, मानसला वेलकम ट्रस्टचा पैसा, विश्रामला टाटा ट्रस्टचा, तुम्हाला सीएसआरचा. चालतं हे पुन्हा पुन्हा सिद्ध होतंय, आणि दरवेळी पैसा बाहेरचाच. आता सिद्ध करायचं काही उरलेलं नाही, पुन्हा पायलटच्या नावाने मागू नका प्लीज.


सिएटलकर

मी मूळची साताऱ्याची, इथे वॉशिंग्टन राज्यात एका प्रायमरी केअर क्लिनिकमध्ये बिहेवियरल हेल्थ केअर मॅनेजर आहे, म्हणजे तुमच्या समुपदेशक ताई जे करतात साधारण तेच. इकडची व्यवस्था तिकडे उचलून नेता येणार नाही हे मला माहीत आहे, पण पैशाची रचना सांगते, त्यातला एक भाग उपयोगी पडेल.

इथे या पद्धतीला कोलॅबोरेटिव्ह केअर म्हणतात. फॅमिली डॉक्टर, केअर मॅनेजर आणि लांबून सल्ला देणारे मानसोपचारतज्ञ. २००२ ला इम्पॅक्ट नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, साठीच्या पुढचे १८०१ पेशंट होते, नेहमीच्या उपचारापेक्षा खूप चांगला फरक पडला. आणि मेडिकेअरने (इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याने) या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली ती २०१७ च्या जानेवारीत! मधली पंधरा वर्षं क्लिनिकं ग्रँटवर चालायची, ग्रँट संपली की केअर मॅनेजर जायची आणि पेशंट परत जुन्या जागी. तुमची ३१ मार्चची गोष्ट वाचून मला तेच आठवलं.

२०१७ ला बदललं ते असं की महिन्याचा हिशोब सुरू झाला. पेशंट समोर बसला तेवढ्याच वेळेचे पैसे, असं न ठेवता महिनाभरात त्याच्यासाठी केलेलं सगळं काम धरतात, फोन, रजिस्ट्रीत नोंद, तज्ञांबरोबर केसवर चर्चा. पहिल्या महिन्याला ७० मिनिटांचा बिलाचा कोड, पुढच्या महिन्यांना ६० मिनिटांचा, जास्त लागलं तर ३० मिनिटांचा वाढीव. डॉक्टर म्हणाले ना की बसून ऐकतो आणि परत बोलावतो त्याच्या वेळेला पैसे नाहीत, इथे नेमका त्या वेळेलाच दर मिळाला.

त्रासही आहेत. मेडिकेअरच्या पेशंटला २० टक्के स्वतः भरावे लागतात, कुठला पूरक विमा नसेल तर घरी बिल जातं आणि म्हातारी माणसं फोन करून विचारतात की मी तर या महिन्यात आलेच नव्हते, हे कशाचं? त्यातले काही जण मग कार्यक्रमच सोडतात. त्यामुळे ताई, फी न घेण्याचा तुमचा निर्णय अगदी बरोबर आहे, त्यावर अडून राहा. आणि मिनिटं मोजण्यात माझा जो वेळ जातो तो वेगळाच, ते तुमच्याकडे येऊ देऊ नका, पगारी पद हेच चांगलं.

घेण्यासारखं एकच, रजिस्ट्री. प्रत्येक पेशंटचा पहिला पीएचक्यू, तारीख, पुढचा पीएचक्यू, शेवटचा संपर्क कधी, औषध चालू की बंद. साध्या वहीत झालं तरी चालेल. कोण सुधारत नाहीये ते त्यातून आठवड्याला दिसतं आणि पैसे मागताना तीच वही पुढे करता येते.


कापूसवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. रजिस्ट्री आमच्याकडे आहे पण ती संस्थेच्या एक्सेलमध्ये, पीएचसीच्या कुठल्याच नोंदवहीत नाही. म्हणजे सरकारच्या दृष्टीने हे पेशंट झालेच नाहीत का?

अजून दोन प्रश्न. एक, औषध. आत्ता एसिटालोप्राम (नैराश्यावरची गोळी) वगैरे आम्ही प्रोजेक्टमधून घेतो, एप्रिलनंतर पीएचसीला कसं मिळणार? दोन, ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीचे (एचआयव्ही तपासणी केंद्राचे) समुपदेशक असतात, मैत्री क्लिनिकचे (किशोरवयीनांसाठीचे) असतात, त्यांच्याकडूनच हे काम का करून घेत नाही असं मला एका बैठकीत विचारलं गेलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही.


आयसीटीसीवाला

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, मी ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी समुपदेशक आहे. माझा पगार एड्स नियंत्रणाच्या पैशातून येतो, उद्दिष्टं त्यांचीच, रिपोर्ट त्यांनाच. मैत्री क्लिनिकच्या मॅडमचा किशोरवयीन कार्यक्रमातून, त्यांना शाळांच्या भेटी असतात. एकाच गल्लीत बसणारी आम्ही माणसं पण पैशाचे नळ वेगवेगळे. तोंडी कोणी सांगितलं तर आम्ही बोलतोच, माणूस समोर रडत असेल तर हे माझ्या कार्यक्रमात नाही असं कोण म्हणेल. पण ते काम माझ्या कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून पुढच्या वर्षी त्यासाठी वेळही मिळत नाही.

तरी एक शक्य आहे. लेखी आदेश काढून आठवड्यातला ठराविक अर्धा दिवस वाटून घ्यायचा, दोन्ही कार्यक्रमांत तो मोजायचा, आणि तुमच्या प्रशिक्षित ताईंनी आम्हाला शिकवायचं. पण हे पदाला पर्याय म्हणून कोणी मांडलं तर मान्य करू नका. आम्ही तालुक्याच्या गावी असतो, उपकेंद्रावर आणि घरी जाऊन फॉलोअप आमच्याकडून होणार नाही.


सातपुडा एमओ

औषधाचं. कायद्याच्या कलम १८ मध्ये जी मोफत औषधाची हमी आहे ती सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर आहे, आपल्याकडे म्हणजे ग्रामीण रुग्णालयापासून. पीएचसी त्यात येत नाही, ही मोठी खोच आहे आणि बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. त्यामुळे पीएचसीला हक्क म्हणून मागता येणार नाही पण जिल्हा कार्यक्रमाच्या औषध तरतुदीतून मागता येतं. मी करतो ते असं, औषध सुरू तज्ञ करतात, ग्रामीण रुग्णालयातून किंवा जिल्ह्यातून, आणि चालू पेशंटची यादी जोडून मी पीएचसीसाठी तीन महिन्यांचा इंडेंट (मागणीपत्र) पाठवतो. यादी जोडली की मिळण्याची शक्यता वाढते, नुसती गोळ्यांची संख्या लिहिली तर वापर दाखवा म्हणतात.

आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा पेशंट असेल तर यातल्या कशाचीच वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात. रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ प्रत्येक केसपेपरवर शिक्का मारून ठेवा, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात, फुकट आहे. मात्र बैठकीत कोणी म्हणेल की टेलिमानस आहे ना मग समुपदेशक कशाला, दिल्लीने त्याला २०२३-२४ च्या बजेटमध्ये सुमारे १३४ कोटी ठेवले होते, पुढच्या वर्षी ९०. हेल्पलाइन पाहिजेच, मी स्वतः पेशंटना देतो, पण तिथं पेशंटने फोन करायचा असतो. नैराश्यातला माणूस फोन उचलतच नाही. तुमच्या ताई त्याच्या दारात जातात.


हिशोबनीस_लातूर

ताई, एक्सेलचं तुम्ही विचारलंत ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि उत्तर हो असंच आहे. संस्थेच्या एक्सेलमधला पेशंट सरकारच्या हिशोबात नसतो. अजून ३१ मार्च आलेला नाही ना, तर उद्यापासून प्रत्येक पेशंटचा पीएचसीचा ओपीडी नंबर तुमच्या यादीत घाला आणि पीएचसीत मानसिक आरोग्याचं एक रजिस्टर सुरू करायला डॉक्टरांना विनंती करा. महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो आकडा पीएचसीच्या सहीने वर जायला लागला पाहिजे. चार-पाच महिन्यांचे आकडे सलग गेले आणि एप्रिलनंतर ते अचानक शून्य झाले तर जिल्ह्याच्या बैठकीत कोणीतरी विचारेल की हे का पडलं. तो प्रश्न सरकारी माणसाने सरकारी माणसाला विचारायला हवा, संस्थेच्या पत्राने तेवढं होत नाही.

आकडे कुठले, तर माझा अनुभव असा की जागतिक आरोग्य संघटनेचं ते नैराश्य-चिंतेच्या उपचारावर घातलेल्या एका डॉलरला चार डॉलर परत वगैरे खरं आहे पण जिल्ह्यात त्याने काही हलत नाही. स्वतःच्या पीएचसीचे तीन आकडे द्या. किती नवीन पेशंट आले, त्यातले किती जण तीन महिन्यांनी अजून संपर्कात आहेत, आणि त्यांचा पीएचक्यू किती उतरला. चौथा जमला तर बीपी-शुगरच्या ज्या पेशंटना समुपदेशन मिळालं त्यांचं बीपी ताब्यात किती जणांचं आलं. हा चौथा जिल्ह्याला सगळ्यात जवळचा, कारण असंसर्गजन्य आजारांचं टार्गेट त्यांच्या डोक्यावर आहे आणि तुमचा हेडही त्याच पूलमध्ये आहे. सीएचओंनाही त्यात घ्या, त्यांना पगाराच्या २५ हजारांवर कामानुसार १५ हजारांपर्यंत मोबदला असतो, निर्देशकांत मानसिक आरोग्याचा फॉलोअप बसवायला राज्याला लिहा म्हणून जिल्ह्याकडे मागणी करा. गटप्रवर्तक ताई म्हणाल्या तो आशांचा मोबदलाही वेगळी ओळ म्हणून मांडा, पदाच्या ओळीत मिसळू नका. पद कापलं गेलं तरी ती ओळ वाचते.

सीएसआरचं शेवटचं. कंपनीला पूर्ण तीन वर्षं मागू नका. पीआयपीचा निर्णय येईपर्यंतचा फक्त दोघींचा पगार मागा, आणि सोबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र जोडा की पद प्रस्तावित केलेलं आहे. पाण्याकडे वळलेली कंपनीसुद्धा एवढं करते, कारण त्यांनाही तीन वर्षांचं काम एप्रिलमध्ये बंद पडलेलं नको असतं.


कापूसवाट

ओपीडी नंबरचं काम सोमवारपासून लावते, डॉक्टरांशी आत्ताच फोनवर बोलले, ते रजिस्टरला तयार आहेत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची वेळ घेतलीय. १६ तालुक्यांचं गणित मी आमच्या जिल्ह्याच्या तालुक्यांवर करून मसुदा इथेच टाकते, हिशोबनीस सर, मनुष्यबळाची ओळ आणि आशांची ओळ कशी लिहायची ते तेवढं तपासून द्या. आणि गटप्रवर्तक ताई, फॉलोअप भेटीला किती मोबदला लिहायचा ते तुम्ही सांगा, आशांना विचारून.


गटप्रवर्तक_वर्धा

गुरुवारी पीएचसीत आशांची मीटिंग आहे, तिथं विचारते आणि लिहिते. दुसऱ्या खेपेचं पण धरून सांगू का, सून एकटी सापडेल ती?


कापूसवाट

हो ताई, तीच धरून सांगा.